एका गिरणीचा कायदा

सोलापूरच्या आमच्या घरात वर्षे कॅलेंडरावरून मोजली जात नसत. 'मिल बंद पडली त्या साली' आणि 'सरकारनं मिल घेतली त्या साली' या दोन खुंट्यांवर आजीच्या सगळ्या आठवणी टांगलेल्या असत. वडिलांचा जन्म पहिल्या सालचा. आजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल बंद झाल्यावर आजीच्या अंगावरचे किडूकमिडूक मारवाड्याकडे गेले, आणि मग एके दिवशी भोंगा पुन्हा वाजला. हे सांगताना आजीचा आवाज दरवेळी चढायचा : "सरकारनं भोंगा वाजवला म्हून चूल पेटली."

मी शिकलो जेमतेम. सुताच्या एका दुकानात तीस वर्षे हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात गावाच्या गिरण्यांचे कागद जमवले. या जमवाजमवीत एका वकील मित्राने न्यायनिवाड्यांच्या जुन्या खंडातून एका निकालाची छायाप्रत काढून दिली. 'तुमच्या मिलची केस आहे' एवढेच म्हणाला. मी ती वाचायला घेतली ती आजीच्या गोष्टीला पुरावा मिळेल म्हणून. पुरावा मिळाला, पण सोबत एक प्रश्नही मिळाला, आणि तो काही वर्षे माझ्या मागे लागला. आमची चूल ज्या कायद्याने पेटली, तो कायदा देशातल्या गिरण्यांसाठी नव्हताच. तो एकाच गिरणीसाठी होता. कायद्याच्या मथळ्यातच तिचे नाव होते. असा कायदा करावा का?

१

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी म्हणजे आमची जुनी मिल. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि १८७७ पासून चालू लागली. गावात नंतर आणखी गिरण्या आल्या, तेव्हा ही आपोआप 'जुनी' झाली. हजारो माणसे तिच्यावर जगत. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ती बंद पडली.

स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते, कापडाची टंचाई होती, आणि एवढी मोठी गिरणी थंड पडणे सरकारला परवडणारे नव्हते. अत्यावश्यक वस्तूंविषयीच्या १९४६च्या कायद्याखाली आधी एक नियंत्रक नेमण्यात आला. तेवढ्याने भागले नाही. मग ९ जानेवारी १९५० रोजी एक वटहुकूम निघाला. राज्यघटना अमलात यायला तेव्हा सतरा दिवस उरले होते. एप्रिलमध्ये संसदेने त्या वटहुकमाचा कायदा केला.

कायद्याची प्रस्तावना छोटी आहे. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे या कंपनीत अशी स्थिती उद्भवली आहे की जीवनावश्यक वस्तूचे उत्पादन घटले आणि लोक बेकार झाले, असा तिचा आशय. पुढची कलमे कडक आहेत. जुने संचालक आणि मॅनेजिंग एजंट यांची पदे संपली. नवे संचालक सरकार नेमणार. भागधारकांनी संचालक निवडायचे नाहीत. त्यांनी केलेला ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय लागू नाही. कंपनी गुंडाळण्याचा अर्जही सरकारला विचारल्याशिवाय करायचा नाही. म्हणजे भागधारकाच्या हातात शेअरचा कागद राहिला, पण त्या कागदामुळे मिळणारी सत्ता गेली.

आजोबांच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काय? गिरणी बुडवली मालकांनी, सरकारने त्यांना बाजूला केले, मजुराला काम मिळाले. मीही पुष्कळ दिवस असेच मानत होतो.

२

चिरंजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक या कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. घटना तेव्हा काही महिन्यांची होती. तिच्या १४व्या कलमाने 'कायद्यापुढे समानता' आणि 'कायद्याचे समान संरक्षण' या दोन गोष्टी दिल्या होत्या, पण त्यांचा नेमका अर्थ अजून ठरायचा होता. इंग्लंडच्या संसदेने १६४१ मध्ये स्ट्रॅफर्डवरचा खटला रखडला तेव्हा त्याच्या नावाचाच कायदा करून त्याचा शिरच्छेद केला होता. असल्या इतिहासाचा धडा घेऊन अमेरिकेने आपल्या घटनेत एखाद्याला कायद्यानेच दोषी ठरवायला साफ मनाई केली. आपल्या घटनेत तसे वेगळे कलम नाही. जे काय अडवायचे ते १४व्या कलमानेच अडवायचे. त्यामुळे आमच्या गिरणीचा खटला ही त्या कलमाची पहिल्या काही परीक्षांपैकी एक ठरली.

४ डिसेंबर १९५० रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीश. सरन्यायाधीश हरिलाल कनिया, फजल अली आणि मुखर्जी या तिघांनी कायदा वैध ठरवला. पतंजली शास्त्री आणि सुधीरंजन दास या दोघांनी तो घटनाबाह्य म्हटला. तीन विरुद्ध दोन.

बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी व्यक्ती किंवा संस्था खरोखरच इतरांहून वेगळ्या परिस्थितीत असेल, तर ती एकटीच एक वर्ग होऊ शकते. संसदेने कायदा केला म्हणजे त्यामागे काही कारण असणार असे गृहीत धरायला हवे. भेदभाव झाला असे म्हणणाऱ्याने तो दाखवून द्यावा. इतर कोणती कंपनी याच अवस्थेत होती आणि तिला सोडून दिले, हे अर्जदाराने दाखवलेले नाही.

विरोधी मतातल्या शास्त्रींचा मुद्दा असा की, सर्वसाधारण वर्ग न सांगता कायदा एकाच कंपनीला धरतो तेव्हा भेदभाव त्याच्या तोंडावरच लिहिलेला असतो. तो आणखी शोधून काय दाखवायचा? दासांनी प्रस्तावनेवरच बोट ठेवले. गैरव्यवस्थापन, घटलेले उत्पादन, बेकारी हे या एकाच कंपनीचे वैशिष्ट्य कसे? हे दोष ज्या ज्या कंपनीत असतील त्या त्या कंपनीला लागू होईल असे कायद्यात काही आहे का? नसेल तर हे वर्गीकरण नव्हे, ही निवड झाली.

मी वकील नाही. पण तीस वर्षे खतावण्या लिहिलेल्या माणसाला दासांचे म्हणणे चटकन समजते. 'थकबाकी तीन महिन्यांवर गेली की माल बंद' हा नियम झाला. 'अमक्याचा माल बंद' हा नियम नाही, तो मालकाचा हुकूम आहे. पहिल्यात उद्या मालकाचा मेहुणाही अडकू शकतो, म्हणून मालक तीन महिने की चार याचा आधी विचार करतो. दुसऱ्यात त्याला विचार करावाच लागत नाही. नाव तेवढे माहीत असले की पुरे.

सर्वांना लागू होणाऱ्या कायद्याची खरी राखण इथे आहे, असे मला वाटते. आपण एकट्या माणसाला न्याय मिळावा म्हणून समानतेची भाषा करतो, आणि ते बरोबरच आहे. पण नियम सर्वांचा असतो तेव्हा त्या एकट्याच्या बाजूने न बोलावलेले कितीतरी लोक उभे असतात. उद्या आपल्यावर हे येईल या भीतीने ते शंका काढतात, वर्तमानपत्रात लिहितात, आमदार-खासदारांना गाठतात. कायद्यात नाव घातले की ही सगळी माणसे निश्चिंत होऊन घरी जातात. जुन्या मिलच्या कायद्याने मुंबईच्या कोणत्या गिरणीमालकाची झोप उडणार होती? तो त्याच्यासाठी नव्हताच.

३

आमच्या गिरणीच्या बाबतीत हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण हेच हत्यार वीस वर्षे आधी कुणी कसे वापरले होते, हे पाहिल्यावर माझे मत पक्के होऊ लागले.

१९२९ साली लाहोर कटाचा खटला चालू होता. भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांत पुणे जिल्ह्यातल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. तुरुंगातल्या उपोषणामुळे आरोपी न्यायालयात आणता येईनात आणि खटला पुढे सरकेना. तेव्हा सरकारने आधी सरळ मार्ग घेतला : आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालवता यावा असे एक विधेयक सप्टेंबर १९२९ मध्ये सिमल्याच्या अधिवेशनात मध्यवर्ती कायदेमंडळापुढे मांडले. रोख लाहोरवरच होता, पण शब्द सर्वसाधारण होते. म्हणूनच त्यावर सर्वसाधारण चर्चा झाली. जिनांनी त्याविरुद्ध केलेले भाषण गाजले. आज हे आरोपी आहेत, उद्या कुणीही असेल, हे सभागृहाला दिसत होते. विधेयक मंजूर होऊ शकले नाही.

मग १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढला. या वेळी त्यात सर्वसाधारण असे काही ठेवलेच नाही. तो लाहोर कटाच्या खटल्यापुरता होता. तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ, आरोपी गैरहजर असले तरी चालणारे कामकाज, आणि उच्च न्यायालयात अपील नाही. न्यायालयात आरोपींना मारहाण झाली तेव्हा न्यायमूर्ती आगा हैदर यांनी त्या हुकमापासून स्वतःला वेगळे केले. जूनमध्ये न्यायमंडळाची पुनर्रचना झाली आणि त्यात त्यांचे नाव नव्हते. ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल लागला. प्रिव्ही कौन्सिलने फेब्रुवारी १९३१ मध्ये अर्ज फेटाळला. २३ मार्चला तिघांना फाशी झाली. त्या वटहुकमाला कायदेमंडळाची मान्यता कधीच मिळालेली नव्हती.

जे सर्वांच्या नावाने मागितले तेव्हा मिळाले नाही, ते एका खटल्याच्या नावाने सहज करून टाकता आले. ज्यांनी आपल्या हुतात्म्यांविषयी हे वाचले आहे, त्यांनी तरी 'कायद्यात नाव असले म्हणून काय बिघडले' असे म्हणू नये.

४

सर्वोच्च न्यायालय पुढे या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि गंमत अशी की येणारे न्यायाधीश बऱ्याचदा आमच्या गिरणीच्या खटल्यातलेच होते.

हैदराबादच्या पायगा घराण्यातले नवाब वलीउद्दौला १९३५ मध्ये वारले. आपण त्यांच्या बायका आहोत असे सांगणाऱ्या मेहबूब बेगम आणि कादिरन बेगम यांचा व त्यांच्या मुलांचा वारसा हक्क खरा की खोटा, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. अखेर १९५० मध्ये हैदराबादच्या विधिसत्तेने 'वलीउद्दौला वारसा कायदा' करून टाकला : या दोघींचा दावा फेटाळला, आणि त्यावर कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे औरंगाबाद-नांदेडच्या माणसांसाठी कायदे करणाऱ्या हातांनीच हा एका घरातला निवाडा कायदा म्हणून लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल लिहिला मुखर्जींनी, ज्यांनी जुन्या मिलचा कायदा उचलून धरला होता. वारसा हक्काचे भांडण शेकडो घरांत असते. याच दोन बायकांना न्यायालयाचे दार बंद करण्याजोगे वेगळे काय, याला उत्तर नव्हते. बिहारात बेतिया संस्थानाच्या साठी गावच्या जमिनीबाबतही १९५३ मध्ये तसेच झाले. दोन व्यक्तींना दिलेली जमीन परत घेण्यासाठी केलेला खास कायदा टिकला नाही.

या दोन निकालांतून एक साधी गोष्ट मला कळली. एकट्या माणसाविषयी निर्णय घेणे यात मुळात गैर काही नाही. न्यायालय रोज तेच करते. पण न्यायालय आधी त्याचे ऐकून घेते, पुरावा मागते, कारण लिहिते, आणि वर अपील असते. विधिमंडळात ज्याच्याविषयी कायदा होतो त्याला उभे राहून बोलायची सोय नसते. मेहबूब बेगमचा दावा खोटाही असेल. पण तो खोटा आहे हे हात वर करून ठरवायचे नसते.

उलट्या बाजूचे उदाहरण १९७५ चे. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ ऑगस्टला व्हायची होती. १० ऑगस्टला ३९वी घटनादुरुस्ती लागू झाली, आणि तिच्यातल्या एका पोटकलमाने ती एकच निवडणूक वैध ठरवून टाकली. आणीबाणीच्या दिवसांतही सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला ते पोटकलम रद्द केले. निवडणूक बदललेल्या कायद्याच्या आधारावर वैध ठरली ती वेगळी गोष्ट. त्या पाच न्यायाधीशांतल्या यशवंतराव चंद्रचूडांनी समानतेच्या मुद्द्यावरच त्या पोटकलमाला दोष दिला. एकाला चिरडणारा कायदा आणि एकाला वाचवणारा कायदा ही एकाच झाडाची फळे आहेत, हे तिथे दिसले.

५

मग बहुमताचे म्हणणे साफ चूक होते का? तसेही मला म्हणवत नाही. १९५८ मध्ये दालमिया कंपन्यांच्या चौकशीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. तेंडोलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाला आव्हान दिले गेले होते. आम्हालाच का निवडले, ही दालमियांची तक्रार. निकाल देणारे सरन्यायाधीश होते सुधीरंजन दास, जुन्या मिलच्या खटल्यात विरोधी मत देणारे. त्यांनी १४व्या कलमाचे नियम एकेक करून मांडले आणि पहिल्याच नियमात म्हटले की खास परिस्थिती असेल तर एकट्या व्यक्तीविषयीचा कायदाही वैध असू शकतो. चौकशी आयोग त्यांनी कायम ठेवला.

आधी मला वाटले, दास बदलले. पुन्हा वाचल्यावर कळले की फारसे बदलले नव्हते. एकटा माणूस कधीच वर्ग होऊ शकत नाही, असे ते १९५० मध्येही म्हणत नव्हते. त्यांचा प्रश्न होता : वेगळेपण कशात आहे ते दाखवा. दालमिया प्रकरणात मूळ चौकशी आयोग कायदा सर्वांसाठी होता. त्याच्याखाली या कंपन्यांची निवड झाली होती, आणि चौकशीतून थेट शिक्षा होणार नव्हती. जुन्या मिलला मागे असा सर्वसाधारण कायदा नव्हता. नावच कायदा होते.

आणि आता आजीच्या चुलीकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. दास आणि शास्त्री यांचे मत बहुमत झाले असते तर भोंगा बंद पडला असता का?

या प्रश्नाचे उत्तर मला न्यायनिवाड्यात सापडले नाही, दुसऱ्याच एका कायद्यात सापडले. ऑक्टोबर १९५१ मध्ये संसदेने उद्योग विकास आणि नियमन कायदा केला. त्यात ठरवून दिलेल्या उद्योगांपैकी कोणत्याही कारखान्याचे उत्पादन घसरले किंवा कारभार लोकहिताला बाधक झाला, तर आधी चौकशी, मग सूचना, आणि सूचना पाळल्या नाहीत तर व्यवस्थापन ताब्यात घेणे, अशी पायरीपायरीची वाट होती. पुढे कित्येक गिरण्या याच वाटेने सरकारी ताब्यात गेल्या. १९७४ मध्ये १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा परिशिष्टात नावे होती खरी. पण १०३ नावे एका यादीत येतात तेव्हा त्यांना एकत्र बांधणारे कारण सांगावेच लागते. उद्योगांवर असे नियंत्रण आणणारे विधेयक तर १९४९ पासूनच विधिमंडळापुढे होते. म्हणजे जे सर्वसाधारण शब्दांत करता येत होते, तेच जानेवारी १९५० मध्ये घाईने एका नावाने केले गेले. 'जी गिरणी बंद पडली असेल' असे चार शब्द वटहुकमात घालायला कितीसा वेळ लागला असता? भोंगा त्याच दिवशी वाजला असता. शिवाय त्या साली आणखी कुठे एखादी गिरणी बंद असेल, तर तिथल्याही आजीची चूल पेटली असती. आमच्या घरात त्या आजीचा विचार कधी कुणी केला नव्हता. मीही नाही.

वटहुकमाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. सरकारनियुक्त संचालकांनी प्राधान्य भागांवर शेअरमागे पन्नास रुपये भरण्याची मागणी केली होती, तिच्याविरुद्ध द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक न्यायालयात गेले. मुंबईत हरले, पण डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कंपनीची मालमत्ता भरपाईशिवाय घेतल्यासारखे झाले म्हणून तो वटहुकूम अवैध ठरला. पतंजली शास्त्री तोवर सरन्यायाधीश झाले होते. त्या पीठावर तेही होते, दासही होते. १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती आली आणि ठरावीक मुदतीसाठी व्यवस्थापन ताब्यात घेण्याला संरक्षण मिळाले. भरपाईचा प्रश्न असा सुटला. 'हीच गिरणी का' हा प्रश्न मात्र १९५० च्या तीन विरुद्ध दोनवरच राहिला.

हे सगळे मी एकदा घरी वाचून दाखवले. आजी तेव्हा नव्हती. वडील होते, थकलेले. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आई चुकीचं सांगत होती का?" मी म्हटले, नाही दादा. भोंगा खराच वाजला, चूलही खरीच पेटली. फक्त त्या कायद्यात आपल्या मिलचं नाव होतं, म्हणून आपण खूश होतो. दुसऱ्या एखाद्या कायद्यात आपलं नाव दुसऱ्या कारणाने असतं, तर आपल्या बाजूने बोलायला कोण आलं असतं?

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी ती छायाप्रत मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्या पानावरचे गिरणीचे नाव तेवढे वाचले.